चावी मंगळूमामाकडे

खुर्ची दिली तर मंगळूमामा तिच्यावर उकिडवे बसायचे.

फोन आला की बोलत बोलत विहिरीच्या कठड्यापर्यंत जायचे. तिथे आवाज साफ येतो असं त्यांचं म्हणणं. त्यांचा आवाज मात्र सगळ्या वस्तीला साफ जायचा.

शेतात शिरताना चपला फाटकाबाहेर काढायचे. देवळात शिरताना विसरायचे. त्यावरून पुजाऱ्याची बोलणी खायचे आणि पुढच्या वेळी परत विसरायचे.

खोटं बोलायचं असलं की आधी डोक्यावरची टोपी काढायचे. हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं.

शेतावर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाहीत. विजेचा मीटर बघायला येणारा पोरगा मेथीची जुडी घेऊन जायचा. एकदा एक ट्रकवाला त्र्यंबकचा रस्ता विचारायला थांबला, तो दुधी भोपळा घेऊन गेला. तशी ही आमच्या भागातली रीतच आहे. शेतावर आलेला पाहुणा काहीतरी घेऊनच जातो. पण बाकीचे लोक माणूस बघून देतात. मामा बघत नसत.

या शेवटच्या सवयीने पुढे सगळा घोळ केला.

शेत गिरणाऱ्याच्या पुढे, हरसूलच्या रस्त्याला. आमच्या घरासमोर रस्ता ओलांडला की फाटक. मामा मूळचे हरसूलच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचे. तरुणपणी भाताची कापणी उरकून मजुरीला खाली उतरले ते नाशिकच्या तात्यांच्या या शेतावर. तात्यांचा बंगला गंगापूर रोडला. त्यांना शेतीची हौस दांडगी होती आणि शेतीतलं काही कळत नव्हतं. पहिली काही वर्षं मामा मजुरीवर होते. मग तात्यांनी त्यांना शेत निम्म्या वाट्याने दिलं. बी-खत दोघांचं, अंग मामांचं, माल निम्मा-निम्मा. विहिरीशेजारी एक खोली बांधून दिली. मामा आणि अक्काबाईंचा सगळा संसार त्या खोलीत झाला. पोरगी तिथेच जन्मली आणि तिथूनच सासरी गेली.

तात्या म्हणायचे, "मंगळू, तू आहेस तोवर हे शेत तुझ्याकडेच." हे वाक्य त्यांनी दर दसऱ्याला म्हटलं. कागदावर कधीच म्हटलं नाही.

तात्या गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांचा मुलगा अमित फाटकाला लावायचं कुलूप घेऊन आला.

"मंगळूकाका, वाईट वाटून घेऊ नका. ताईचं आणि माझं ठरलंय. शेत विकायचं. यंदापासून तुमची पेरणी बंद. खोली पण खाली करा."

"कधी?"

"परवापर्यंत."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खोलीकडे पाहिलं. "उद्याच करतो," म्हणाले. "परवा अमावस्या हाय."

सामान रस्त्याच्या अलीकडे आमच्या शेडमध्ये आलं. तिथे आम्ही टोमॅटोचे कॅरेट ठेवतो. अमितने फाटकाला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक आलं तर फाटक उघडणार कोण. तो नाशिकला. त्याचं गाड्यांच्या पार्टचं दुकान. बहीण पल्लवी पुण्याला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. वस्तीत त्याच्या ओळखीचा एकच माणूस होता.

त्याने चावी मामांच्या हातात ठेवली.

"कुणी बघायला आलं तर दाखवा तेवढं. आणि विहिरीजवळचे दोन वाफे हिरवे ठेवा. बरं दिसतं."

"दाखवतो की," मामा म्हणाले.

अक्काबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. "घरातून काढलं आन घराची चावी दिली," त्या म्हणाल्या. "हा पोरगा ल्हानपणी पण असाच होता."

त्या संध्याकाळी वत्सलाबाईंच्या चहाच्या टपरीवर बैठक झाली. बैठक सोमनाथने बोलावली. सोमनाथ म्हणजे मामांच्या शेताला लागून असलेला शेतकरी. टोमॅटो पिकवतो, ग्रामपंचायतीला उभा राहतो आणि पडतो. आवाज मोठा.

"आपला मंगळू हे हा," तो म्हणाला. "त्याला असं रस्त्यावर काढतात म्हणजे काय? कोर्टात जायचं, मामा."

"अमितला मी खांद्यावर बसवून पोळ्याला हिंडवलंय. त्याच्यावर केस कशी करू?"

"मग दुसरं ऐका. जो कुणी ही जमीन घेईल, त्याच्या शेतात गावातला एक माणूस पाय ठेवणार नाय. मजूर नाय, ट्रॅक्टर नाय, काय नाय. गावाचा शब्द. काय वत्सलाबाई?"

"माझा पण शब्द," वत्सलाबाई म्हणाल्या. "चहा पण नाय."

मी मामांच्या शेजारी होतो. इतकी वर्षं गाव त्यांना तात्यांचा मंगळू म्हणत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी आपला मंगळू म्हणालं. घरी येताना ते दोनदा म्हणाले, "सोमनाथ काय म्हणला, ऐकलं ना?"

शब्द दिला, पण सोमनाथचं म्हणणं असं की तिथवर वेळच येऊ द्यायची नाही. गिऱ्हाईक आधीच पळवायचं. त्यासाठी त्याने कामं वाटून दिली. विहीर उन्हाळ्यात कोरडी पडते, हे तो सांगणार. वाटेवरून भांडण आहे, हे वत्सलाबाई सांगणार. आणि माती चोपण आहे, हे मामांनी सांगायचं. चोपण म्हणजे खारावलेली, पाणी न मुरणारी जमीन. आमच्याकडे ही जवळपास शिवीच आहे.

मामांनी असं तोंड केलं, जणू पोटच्या पोरीला नावं ठेवायला सांगितलंय.

"बीए, तू लिहून दे त्यांना," सोमनाथ मला म्हणाला. मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो तेव्हापासून माझं नाव बीए आहे. मी लिहिलं, या भूमीच्या उदरात क्षार दाटलेले आहेत. सोमनाथने वाचलं आणि कागद चहाच्या चुलीत घातला.

मग तालीम. मी गिऱ्हाईक झालो.

"जमीन कशी आहे हो?"

मामांनी टोपी काढली. "चोपण."

"मोठ्याने," सोमनाथ म्हणाला.

"चोपण हाय. म्हंजे होती. शेणखत टाकून टाकून बरी झाली."

"मामा!"

"चोपण हाय," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. त्यांचा आवाज असा आला, जणू ते तिची माफी मागतायत.

पहिलं गिऱ्हाईक वैशाखात आलं. कॉलेज रोडचं एक जोडपं, दोघंही दातांचे डॉक्टर. टपरीवर सोमनाथने त्यांना गाठून विहिरीचं सांगितलं होतं. वत्सलाबाईंनी वाटेचं सांगितलं होतं. ते फाटकापाशी आले तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पडलेला होता. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मामांनी फाटक उघडलं, चपला काढल्या, टोपी काढली.

"जमीन चोपण हाय," ते म्हणाले.

मी मागे उभा होतो. मला त्यांचा अभिमान वाटला.

डॉक्टर खाली वाकले. बुटाने थोडी माती उकरली. "हो, दिसतंच आहे. पांढरट पडलीय. काही येणार नाही हिच्यात."

मामांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता."

"मी म्हणन. तुम्ही नाय म्हणायचं."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मामांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना वाफ्यांपाशी नेलं. वांग्याचं झाड वाकवून दाखवलं. "ही चोपणातली वांगी का? धरा. धरा हातात. बाई, तुम्ही धरा." डॉक्टरीणबाईंनी वांगं धरलं आणि "अय्या" म्हणाल्या. पुढचा तासभर मामांनी त्यांना शेत दाखवलं. कुठे पहिली कोबी घेतली, कुठे भुईमूग असा यायचा की उपटताना दोन माणसं लागायची. शेवटी डॉक्टर चाचरत म्हणाले, "पण ते विहिरीचं..." मामांनी मोटारच सुरू केली. पाइपातून लोंढा आला आणि डॉक्टरांचे बूट भिजले.

जाताना गाडीच्या डिक्कीत वांगी, गवार, कोथिंबीर आणि एक फणस होता. फणस आमच्या झाडाचा होता.

सोमनाथ टपरीवरून हे बघत होता. गाडी त्याच्या समोरून गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला हात केला.

"मामा, हे काय?" तो ओरडत आला.

"पाव्हणे होते," मामा म्हणाले.

"गिऱ्हाईक होतं!"

"आलं तर शेतावरच ना?"

डॉक्टरांनी अमितला त्याच रात्री फोन केला आणि स्वतःहून चांगला भाव देऊ केला. अमित दुसऱ्या दिवशी मिठाई घेऊन मामांकडे आला. मिठाई अक्काबाईंनी घेतली. त्याच्याशी बोलल्या मात्र नाहीत.

वाटलं, संपलं. शेडमध्ये मामा दिवसभर पडून होते. मी गेलो तर म्हणाले, "बीए, मला बोलताच येत नाय वाईट. जीभ वळती, पण वळून परत जाग्यावर येती."

पण संपलं नाही. पल्लवीताईंनी पुण्याहून फोन केला. एका चकरेत माणूस इतका भाव देतो, तर शेत त्याहून भारी असणार, असं त्यांचं म्हणणं. घाई करायची नाही. अमितने डॉक्टरांना थोडं थांबायला सांगितलं. तेवढ्यात एक रिसॉर्टवाला आला. त्यालाही मामांनी पहिलं वाक्य चोपणाचं ऐकवलं, मामांना स्वतःला राग येईपर्यंत तेही टिकलं, आणि तो कारल्यांची पिशवी घेऊन गेला. त्याने डॉक्टरांपेक्षा जास्त भाव सांगितला. पल्लवीताईंनी आपला आकडा आणखी वर नेला. मग एक योगा शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांना शेतात पाय ठेवल्यावर कंपनं जाणवली. मामा म्हणाले, मोटार चालू हाय म्हणून. त्याही दोडके घेऊन गेल्या, आणि आकडा आणखी वर गेला.

आषाढात बहीणभाऊ दोघंही शेतावर आले आणि बांधावर उभं राहून भांडले.

"ताई, डॉक्टर गेले. रिसॉर्टवाला गेला. आता तरी देऊन टाकू."

"तू नेहमी असाच. बाबांची गाडीसुद्धा पहिल्या माणसाला देऊन टाकलीस."

"ती चालत नव्हती!"

"तू ढकलून बघितलीस का?"

मामा शेजारी उभे होते. त्यांना मध्ये बोलायचं नव्हतं. त्यांनी दोन पिशव्यांमध्ये भेंडी भरली, हाताने तोलून दोन्ही सारख्या केल्या, एक अमितला दिली आणि एक पल्लवीताईंना. दोघंही भेंडी हातात धरून भांडत गाडीपर्यंत गेले.

हे बघून सोमनाथच्या डोक्यात उजेड पडला. तो टपरीवर आला आणि म्हणाला, "अरे, मामाने तारीफ केली की भाव वर. भाव वर की गिऱ्हाईक गायब. हेच तर आपल्याला पायजे होतं!" दोन दिवसांनी तो हे आपणच ठरवलं होतं म्हणून सांगायला लागला. "मामा, आता चोपण सोडा. आता नुसती तारीफ करायची. जेवढी होईल तेवढी."

"सांगून?" मामांनी विचारलं.

"सांगून म्हणजे?"

"सांगून कशी करू? ती आपली येती."

खरंच नाही आली. श्रावणात एक बिल्डर आला. मामांनी टोपी काढून हातात धरली आणि "जमीन लय भारी हाय" एवढंच बोलून गप्प उभे राहिले. बिल्डर म्हणाला, ठीक आहे. मामांनी त्याच्यावर चिडायची संधी शोधली. त्याने दिली नाही. शेवटी शेपूची जुडी देऊन वाटेला लावलं.

भाद्रपदात कापडणीस काका आले. गाडी नव्हती, स्कूटर होती. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. मूळ गाव सटाण्याकडे, तिथे भावांची शेती. अंगात रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. टपरीवर सोमनाथ त्यांना काही सांगायला गेला, तर "बघतो, बघतो" म्हणत ते पुढे आले.

ते कुणाशी न बोलता सगळ्या शेतातून एकटे फिरून आले. मामा फाटकाशी टोपी काढून उभे.

"जमीन लय भारी हाय," मामा म्हणाले.

"ते दिसतंय," कापडणीस काका म्हणाले. "हिला कुठं दुखतं, ते सांगा."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. बांधावर उकिडवे बसले. काकाही गमबुटांसकट शेजारी टेकले.

"खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबतं," मामा म्हणाले. "दरसाली. मुळं कुजत्यात. तिथून नाल्यापर्यंत चर खणला तर सुटंल. तात्यांना म्हणायचो, तात्या म्हणायचे पुढच्या साली."

"अजून?"

"चिंचेखाली काय होत नाय. सावली. विहिरीला वैशाखात दम लागतो. मोटार घडीभर चालवायची, घडीभर ठेवायची. वरल्या अंगाला खडक वर हाय, नांगर अडतो."

"अजून?"

"रानडुकरं येत्यात."

"अजून?"

मामांनी टपरीकडे पाहिलं. "सोमनाथ शेजारी हाय."

मी हे सगळं फाटकाला धरून ऐकत होतो. मामांना थांबवावं असं दोनदा मनात आलं. पण ते असे बोलत होते, जसं कुणी दवाखान्यात आजारी पोराबद्दल डॉक्टरला सांगतं. एकेक आठवून. काही राहायला नको म्हणून. इतक्या गिऱ्हाइकांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तात्यांनीही नाही.

कापडणीस काका उठले. पँट झटकली. "जमीन चांगली शे," म्हणाले. मनापासून बोलताना त्यांची सटाण्याकडची बोली वर यायची, हे मला नंतर कळलं. "घेतो मी."

मामा त्यांना चवळीच्या शेंगा द्यायला धावले. वाफ्यात पोचल्यावर आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. शेंगा तोडता तोडता ते मध्येच थांबले. मग परत तोडायला लागले.

अमितचा फोन आला तेव्हा मामा कठड्यावर होते, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं. "काका, तुम्ही काय सांगितलंत त्यांना? पाणी तुंबतं, खडक आहे, डुकरं येतात! भाव पाडून मागतायत ते!"

"इचारलं ते सांगितलं."

"पण का?"

"इचारलं म्हणून."

अमितने हे रागारागाने पल्लवीताईंना सांगितलं. उलटंच झालं. त्या म्हणाल्या, सगळे दोष माहीत असून जो घेतो, तो मागे फिरणार नाही. आणि त्या थकल्या होत्या. पितृपक्षात कुणी व्यवहार करत नाही, म्हणून तो पंधरवडा गेला. नवरात्रात सौदा झाला.

मामांनी चावी द्यायला काकांसमोर हात केला. काकांनी ती घेतली नाही.

"मला कारखान्यातलं कळतं," ते म्हणाले. "शेतातलं मी लहानपणी सोडलं. तुम्ही राहा, मंगळूभाऊ. आधीसारखंच, निम्म्याने. पण या वेळी कागद करू. खोली तुमचीच."

मी हे अक्काबाईंना सांगायला शेडकडे पळालो. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं आणि भांडी पोत्यात भरायला घेतली.

सगळं नीट झालं होतं. गोष्ट लिहायची असती तर मी इथेच थांबलो असतो.

संध्याकाळी सोमनाथने टपरीवर बोलावलं.

"मामा, तुम्ही त्या कापडणीसकडं कामाला जाणार असं ऐकलं."

"काम नाय. वाट्याने. आधीसारखं. कागद पण करणार हाय."

"जमणार नाय."

"का?"

"गावाने शब्द दिलाय. घेणाऱ्याच्या शेतात गावातला माणूस पाय ठेवणार नाय. तुम्ही गावातले नाय का?"

मामा गोंधळले. "पण शब्द कुणाला दिला होता?"

"तुम्हाला."

"मग मी परत देतो."

"शब्द परत घेता येत नाय, मामा. तो काय घमेलं हे का? लोकांनी तुमच्यासाठी सोसलंय. रिसॉर्टवाला मला पाइपलाइनीचं काम देणार होता. मी नाय म्हणलो. वत्सलाबाईंनी योगावाल्या बाईला चहा दिला नाय."

"दिला होता," वत्सलाबाई म्हणाल्या. "साखर घातली नाय."

"तेच ते."

अक्काबाई सहसा टपरीवर येत नाहीत. त्या दिवशी आल्या होत्या. "सोमनाथ," त्या म्हणाल्या, "बांधालगतची पट्टी मला द्या म्हणून अमितला फोन कुणी केला होता?"

सोमनाथने चहा संपवला. "ते वेगळं."

"वेगळं कसं? नवा मालक मजुरावाचून कंटाळंल, मग पट्टी सोडंल. आन नाव आमचं!"

"अक्काबाई, मी गावाचं बोलतोय."

"मग गावाला घरी जाऊन झोपू दे."

दोनचार जण हसले. पण सोमनाथ म्हणाला त्यात तथ्य आहे, असंही तेच म्हणाले. शब्द म्हणजे शब्द. आज मामांसाठी मोडला तर उद्या कुणासाठीही मोडेल. मामांच्या बाजूने कोण आणि विरुद्ध कोण, हेच मला कळेना. सगळेच मामांच्या बाजूने होते आणि सगळ्यांनी मिळून मामांना अडवलं होतं.

मामा उठले. "गाव म्हणतंय तर..." एवढंच म्हणाले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ज्या गावाने आपला म्हणायला इतकी वर्षं लावली, त्याचं पहिलंच बोलणं त्यांना मोडवेना, असं मला वाटतं. अक्काबाईंनी रात्री पोत्यातून भांडी परत बाहेर काढली. त्या भांड्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता.

सकाळी उठून बघतो तर मामा शेतात. खालच्या कोपऱ्यात. हातात कुदळ.

मी धावत गेलो. "मामा, सोमनाथ बघेल."

"बघू दे. हे त्या कापडणीसचं काम नाय. हे तात्यांच्या वेळचं राहिलंय. तात्यांनी पुढच्या साली म्हणलं होतं. हे साल पुढचंच हाय ना?"

रस्त्यावर हळूहळू लोक जमले. मेलेल्या मालकाचं राहिलेलं काम केलं तर शब्द मोडतो का, यावर चर्चा सुरू झाली. एकाचं म्हणणं, मोडत नाही, कारण तात्यांवर बहिष्कार नव्हता. दुसऱ्याचं म्हणणं, चर तात्यांचा असेल पण पाणी कापडणीसचं सुटणार. वत्सलाबाईंनी सगळ्यांना तिथेच चहा आणून दिला. त्यांचा धंदा त्या सकाळी बरा झाला.

मामा खणत होते. चर कोपऱ्यातून निघाला होता आणि नाल्याच्या दिशेने सरळ चालला होता. तुंबलेलं पाणी त्यांच्या मागून संथ सरकत येत होतं. मातीचा वास येत होता. मामा मध्येच थांबून एक डोळा मिटून उतार बघायचे आणि परत कुदळ मारायचे. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मग सोमनाथ आला. तो बांधावर चढला, आपल्या बाजूने. पलीकडे पाय ठेवला नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

"मामा, बाहेर या. लोक हसतायत."

त्याच वेळी खोलीकडून कापडणीस काका आले. त्यांनी बशीने झाकलेला कप आणला होता. "मंगळूभाऊ, चहा."

मामा गुडघाभर चरात उभे. इकडे सोमनाथ, तिकडे काका. त्यांनी दोघांकडे पाहिलं. चहाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कुदळ चरातच उभी टेकवली आणि बाहेर आले. काकांना म्हणाले, "ठिवा, येतो." सोमनाथला म्हणाले, "आलो." आणि दोघांच्या मधून रस्त्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी ते आणि अक्काबाई हरसूलच्या जीपमध्ये बसले. "भावाचं भात कापायचं हाय," मामा मला म्हणाले. "कापून येतो." अक्काबाईंनी पोतं छतावर टाकायला लावलं. भात कापायला जाताना कुणी भांडी नेत नाही. हे मला जीप गेल्यावर सुचलं.

भात कधीच कापून झालं. पाड्यावर फोनला रेंज मिळत नाही, ती मिळायला टेकडीवर चढावं लागतं. तरी मामा अधूनमधून चढतात.

"मामा, या ना आता."

"येतो की. सोमनाथला म्हणावं, आधी शब्द उठव. मग येतो."

मी सोमनाथकडे जातो. तो म्हणतो, "शब्द मामासाठी हे. मामाने समोर येऊन सांगू दे की त्याचं समाधान झालं. मग उठवतो. तो नसताना कसा उठवू?"

मी हे मामांना सांगतो. मामा विचार करतात. वाऱ्याचा आवाज येतो. "बरोबर हाय त्याचं," म्हणतात. "पण शब्द असताना मी कसा येऊ?"

मी या दोघांमध्ये अजून फोन करतो आहे. साहित्यात मला असलं काही शिकवलं नव्हतं.

कापडणीस काकांनी शेजारच्या गावातून मजूर आणून हरभरा पेरला आहे. खालचा कोपरा रिकामा ठेवला. मागच्या वेळी मी मामांना म्हटलं, चर तरी काका पुरा करून घेतील.

"हात लावू नका म्हणावं!" मामा टेकडीवरून ओरडले. "उतार उलटा काढतील. पाणी माघारी येईल. मी हाय ना."

मी काकांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. चरासाठी बोलावलेला मजूर परत पाठवला.

चर नाल्याच्या अलीकडे, दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या अंतरावर थांबला आहे. तोंडाशी पाणी येऊन उभं आहे. कुदळ तशीच आहे.